पावसाळी कापणीची तुळस आणि पुदिना: इंदूरच्या हवेत बंद खोलीत कसा वाळवायचा

माळव्यात जून-जुलैत लावलेली तुळस नव्वदेक दिवसांनी पूर्ण फुलावर येते. म्हणजे पहिली कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात पडते, आणि सप्टेंबरात इंदूरची हवा अजून ओलीच असते. बाहेर २६ अंश तापमान आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असताना सावलीत पसरलेला पाला चार दिवसांतही कडक होत नाही. तो आधी काळपट होतो, मग त्याला कुबट वास येतो. उन्हात टाकला तर हिरवा रंग उडतो आणि सुगंधी तेलही जातं. म्हणून ज्यांना चांगला भाव मिळेल असा पाला हवा आहे, त्यांना एक खोली बंद करून तिची हवा ताब्यात घ्यावी लागते. खाली दिलेली मापं १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंचीच्या एका खोलीची आहेत. सांवेर, देपालपूर, महूकडच्या शेतघरांत किंवा शहरातल्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला अशी खोली सहज निघते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. पाला उष्णतेमुळे वाळतो असं आपण समजतो आणि खोलीत हीटर लावतो. पाला वाळतो तो त्यातून निघालेलं पाणी खोलीबाहेर गेलं तर. या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ३० अंश तापमानाला आणि ५५ टक्के आर्द्रतेला एवढ्या हवेत जेमतेम ५७० ग्रॅम पाणी असतं. हवा काठोकाठ भरली तरी एक लिटरच्या आसपास. आणि ४० किलो ओल्या तुळशीतून आपल्याला काढायचं आहे ३१ लिटर! म्हणजे हवेने पाणी शोषावं आणि ते लगेच कोणीतरी तिच्याकडून काढून घ्यावं, असं चक्र दोन दिवस अखंड चालावं लागतं. हे चक्र थांबलं की अर्ध्या तासात खोली दमट होते.

नुसता हीटर लावणाऱ्यांचं काय होतं ते आकड्यांतच बघा. २६ अंशांची, ८८ टक्के आर्द्रतेची हवा ३६ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ५० टक्क्यांवर उतरते. मीटर बघून माणूस खूश होतो. पण त्या बंद खोलीत अजून साधारण ४२५ ग्रॅम पाणी आलं की आर्द्रता पुन्हा ८० वर, आणि ४० किलो ताजा पाला एवढं पाणी अर्ध्या तासात सोडतो. आता खोली दमटही आहे आणि गरमही. बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही, आणि पुदिना तर एका रात्रीत काळा पडतो.

यंत्र किती मोठं, माल किती

खोलीतलं पाणी काढायचं काम डीह्युमिडिफायर करतो. खरेदी करताना पेटीवर '५० लिटर प्रतिदिन' असं लिहिलेलं असतं. तो आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. आपल्याला खोली ५५ टक्क्यांवर ठेवायची आहे, आणि तिथे हेच यंत्र दिवसाला निम्म्याच्या आसपास, २५ लिटर पाणी काढतं. आर्द्रता ४० वर आली की त्याहूनही कमी. हिशोब इथूनच लावायचा.

तुळशीच्या ताज्या पाल्यात साधारण ८० टक्के पाणी धरा. ४० किलोंत कोरडा भाग ८ किलो. साठवणीसाठी ९ टक्के ओलावा हवा, म्हणजे हातात येणार पावणेनऊ किलो. उरलेलं सव्वाएकतीस लिटर पाणी यंत्राने काढायचं. त्यातलं साठ टक्के, म्हणजे सुमारे १९ लिटर, पहिल्या चोवीस तासांतच बाहेर पडू पाहतं. २५ लिटर काढणारं यंत्र हे झेलू शकतं. म्हणून ५० लिटरच्या यंत्राला ४० किलोंपेक्षा जास्त ओला माल घालू नका. शेतात ८० किलो कापून पडली असेल तरी नाही. दोन खेपांचा माल एकदम भरला तर दोन्ही बिघडतात, यात आम्हाला अपवाद दिसलेला नाही. कापणीच खोलीच्या मापाने करावी: तीन दिवसांआड ४० किलो.

यंत्राची पाणी साठवणारी टाकी विसरून जा. ती रात्री तीन वाजता भरते, यंत्र आपोआप बंद होतं आणि सकाळपर्यंत खोली ८० टक्क्यांवर गेलेली असते. मागे नळीची तोटी असते. तिला पाइप जोडा, पाइपला सगळीकडे उतार द्या आणि शेवट खोलीच्या बाहेर काढा. बादली आतच ठेवली तर काढलेलं पाणी पुन्हा हवेत जातं.

एसी कशासाठी, हा प्रश्न हमखास येतो. यंत्र आणि पंखे मिळून एक किलोवॅटच्या आसपास वीज खातात आणि ती सगळी उष्णता बनून खोलीतच राहते. विटांच्या साध्या खोलीचं तापमान त्यामुळे बाहेरच्यापेक्षा ६ ते ९ अंशांनी चढतं. सप्टेंबरात ही चढ दुसऱ्या दिवशी कामाची असते, पहिल्या दिवशी नको असते. पहिला दिवस दीड टनाचा एसी रिमोटवर ३० अंशांना लावून ठेवायचा. तो थोडं पाणीही काढतो, पण तेवढ्यावर विसंबू नका: ठरवलेलं तापमान गाठलं की तो मंद होतो आणि पाणी काढणंही थांबवतो. आणि कूलर! उन्हाळ्यात इंदूरच्या प्रत्येक घरात असतो म्हणून कोणीतरी तो या खोलीलाही जोडतोच. कूलर हवेत पाणी मिसळून गारवा देतो, त्याची इथे कधीही जागा नाही.

वायरिंग आधी करून घ्या. एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, डीह्युमिडिफायरला २.५ ची, दोघांना वेगवेगळे एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्डावर हे यंत्र दोन दिवस सलग चालवू नका. एका खेपेला यंत्राचे ३८-४० युनिट आणि पंख्यांचे दहाएक, असे साधारण ५० युनिट जातात. एसी जेवढा चालेल तेवढे वर. खर्च काढताना हे पावणेनऊ किलो सुक्या मालावर पसरवा.

खोली

चुन्याची पापुद्रे सुटणारी भिंत नको, धुता येणारा रंग हवा. नवं प्लास्टर असेल तर ते महिनाभर स्वतःच पाणी सोडत राहतं, अशा खोलीत घाई करू नका. खिडक्या काळ्या प्लास्टिकने किंवा प्लायने बंद करा, कारण पाल्यावर प्रकाश पडला की रंग फिका होतो. दाराच्या चारही कडांना रबरी पट्टी लावा. उंबऱ्याखालची फट सगळेच विसरतात, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त ओली हवा तिथूनच आत येते.

ट्रे २ बाय ३ फुटांचे, तळाला स्टीलची किंवा अन्नासाठी चालणारी नायलॉनची जाळी. पत्र्याच्या किंवा प्लायच्या तळाचा ट्रे चालत नाही, हवा खालूनही लागली पाहिजे. एका ट्रेवर ७०० ग्रॅम, म्हणजे पानं एकमेकांवर थोडीशी चढतील एवढंच. ४० किलोंना ५७-५८ ट्रे लागतात. दोन ट्रेंमध्ये १२ सेंटिमीटर अंतर, सगळ्यात खालचा ट्रे जमिनीपासून फूटभर वर, एका रॅकवर दहा ट्रे. सहा रॅक मिळून ३६ चौरस फूट जागा व्यापतात आणि मधून फिरायला वाट राहते. रॅक भिंतीला टेकवू नका, वीतभर जागा सोडा.

भिंतीवरचे चार पंखे लावा, पण एकही पाल्याकडे तोंड करून नको. पंखे भिंतीकडे वळवा, म्हणजे हवा खोलीत गोल फिरते. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी प्रत्येक रॅकच्या मधल्या ट्रेशी धरून बघा. ती हलकी डुलली पाहिजे. आडवी झाली तर वारा जास्त आहे, शेवटी सुका पाला उडेल. न हलता लटकली तर तिथे हवा साचली आहे आणि त्या ट्रेवर पहिला काळा डाग दिसणार.

आर्द्रतेचे साधे डिजिटल मीटर तीन घ्या आणि वापरण्याआधी तपासा, कारण स्वस्तातले मीटर पाच-सात टक्क्यांनी सर्रास चुकतात. बाटलीच्या झाकणात घरचं मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा (वर पाणी तरंगायला नको), मीटरबरोबर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत दहा-बारा तास ठेवा. २५ अंशांना आतली आर्द्रता ७५ टक्के असते. मीटर ७० दाखवत असेल तर त्याच्यावर '+५' अशी चिठ्ठी चिकटवा. मग एक मीटर मधल्या रॅकच्या खालच्या ट्रेपाशी, एक दारापासून लांबच्या कोपऱ्यात, एक यंत्रात हवा शिरते त्या बाजूला. कोपऱ्यातला आकडा बाकीच्यांपेक्षा आठ टक्क्यांहून जास्त असेल तर पंख्याची दिशा बदला.

कापणीपासून ट्रेपर्यंत

दव पूर्ण उडाल्यावर, साधारण नऊ-दहाच्या पुढे कापा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर एक दिवस थांबा. पाल्यावर चिखल उडाला असेल तर कापण्याच्या आदल्या दिवशी उभ्या पिकावरच स्वच्छ पाणी मारा. कापल्यावर धुतलं की पानांवर चिकटलेलं पाणी वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे यंत्राला चार-सहा लिटरचं जादा काम.

पोत्यात भरू नका. पान कापल्यावरही श्वास घेत असतं आणि ढिगाच्या पोटात दोन-तीन तासांत हाताला कळेल एवढी उष्णता धरते. प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये सैल भरून, सावलीतून, शक्य तितक्या लवकर खोलीत आणा. पुदिन्याला हे दुप्पट लागू आहे: त्याचं पान जिथे चुरगळतं तिथे काळं पडतं आणि तो काळेपणा परत जात नाही. तुळशीचे जाड देठ काढून टाका. देठासकट जुड्या उलट्या टांगण्याची पद्धत दिसायला छान आहे आणि किलो-दोन किलोंना चालते, पण देठ पाणी धरून ठेवतो आणि वाळलेल्या पानाला ते नंतर हळूहळू परत देतो. विक्रीच्या मालाला ट्रेच बरे.

दोन दिवसांचा क्रम

माल भरण्याच्या तासभर आधी यंत्र आणि पंखे सुरू करा, खोली ४५ टक्क्यांवर आलेली असू द्या. दोन ट्रेंवर चिठ्ठी बांधा: रिकाम्या ट्रेचं वजन, आणि ओल्या पाल्याचं वजन. ७०० ग्रॅम पाला ९ टक्के ओलाव्याला १५४ ग्रॅमच्या आसपास उतरायला हवा. पण तुमच्या पाल्यात पाणी ८० टक्केच असेल असं नाही, म्हणून पहिल्या खेपेला मोजून घ्या. ५० ग्रॅम पाला मायक्रोवेव्हमध्ये, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, कमी शक्तीवर मिनिट-मिनिटाने तापवा आणि दर वेळी वजन करा. दोनदा तेच वजन आलं की तो कोरडा भाग. ५० ग्रॅमचे ९ ग्रॅम राहिले तर पाणी ८२ टक्के, आणि ७०० ग्रॅमच्या ट्रेचं लक्ष्य १३८ ग्रॅम.

पहिले १८ तास खोली २८ ते ३० अंशांवर. पहिल्या दोन-तीन तासांत आर्द्रता ६५-७० पर्यंत उडी मारते, घाबरू नका, तेव्हा यंत्रही जास्त पाणी काढत असतं. सहा तासांनंतरही ती ६० च्या खाली येत नसेल तर माल जास्त झाला आहे. काही ट्रे बाहेर पंख्याखाली काढा आणि यंत्राला दम घेऊ द्या. या काळात दर पाच-सहा तासांनी ट्रे वर-खाली बदला आणि पाला हलक्या हाताने एकदा उलटा. एकदाच. नंतर हात लावायचा नाही, कारण वाळलेल्या पानावरच्या तेलाच्या सूक्ष्म पिशव्या हाताळण्याने फुटतात आणि सुगंध बोटांना लागून जातो.

अठरा तासांनंतर एसी बंद करा आणि तापमान आपोआप ३२-३४ वर चढू द्या. आर्द्रता ४५ कडे उतरेल. तापमान ३५ च्या पुढे गेलं तर थोडा वेळ एसी: बरीच घरगुती यंत्रं त्याच्यावर नीट चालत नाहीत, आणि ४० च्या पुढे तेल वेगाने उडतं.

शेवटचे दहा-बारा तास आर्द्रता ४० च्या जवळ टिकवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि इथेच लोक कंटाळून माल काढतात. पान खोलीच्या हवेपेक्षा जास्त कोरडं होऊच शकत नाही. ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत पाला आठवडाभर ठेवला तरी त्यात ११-१२ टक्के पाणी राहतंच. खोली ४० वर आली तरच पान ७-८ टक्क्यांपर्यंत उतरतं. पान वरून कुरकुरीत लागतं म्हणून माल काढला, पण पानाची मधली शीर आणि देठाचं टोक अजून ओलं असतं. हे पाणी पिशवीत दोन दिवसांनी सगळीकडे पसरतं, आपल्याकडे म्हणतात तसा मालाला घाम सुटतो. शंका असेल तर पाला झाकणाच्या क्रेटमध्ये सहा-आठ तास बंद ठेवा. पुन्हा नरम पडला तर ट्रेवर आणखी दोन-तीन तास.

तुळशीला सगळं मिळून ४४ ते ५० तास लागतात, पुदिन्याला ३६ ते ४८. गवती चहा इंच-दीड इंच कापून ३० तासांत होतो, कापायला धारदार सुरी घ्या, नाहीतर कडा तपकिरी होतात. शेवग्याचा पाला सगळ्यात सोपा, पातळ असल्यामुळे २० तासांतच तयार. गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करूनच पसरा, अख्खं फूल मधून सडतं. दोन वासाचे माल एका खेपेत कधीच नकोत. पुदिन्याबरोबर वाळवलेल्या तुळशीला पुदिन्याचाच वास येतो, आणि ती तुळस म्हणून विकली जात नाही.

वीज गेली तर

पहिल्या दिवशी थांबलेली हवा हा सगळ्यात मोठा धोका. चारही पंखे मिळून दोनशे वॅटच्या आत बसतात, त्यांना घरच्या इन्व्हर्टरवर घ्या. यंत्र बंद पडलं तरी पंखे फिरत राहिले तर तीन-चार तास निभतात. त्याहून लांबलं तर दार आणि खिडकी उघडा: बाहेरची ८५ टक्क्यांची हलती हवा आतल्या ९५ टक्क्यांच्या साचलेल्या हवेपेक्षा बरी. दुसऱ्या दिवशी मात्र उलट, दार घट्ट बंद ठेवा, अर्धवट सुका पाला बाहेरचा ओलावा ओढून घेईल. वीज आल्यावर यंत्र स्वतःहून चालू होतं का, हे खरेदीच्या वेळीच प्लग काढून-लावून तपासा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी इंदूरची दुपार कोरडी असते, तेव्हा एक्झॉस्ट पंखा उघडून फुकटात काम होतं. हवा आत घ्यायची की नाही, हे बाहेरच्या आर्द्रतेच्या टक्क्यांवरून ठरवू नका, मोबाइलच्या हवामान ॲपमधला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसू लागतं) बघा. तो १५ अंशांच्या खाली असेल तर उघडा. ऑगस्टात तो २२ च्या वर असतो, तेव्हा एक्झॉस्टच्या तोंडाला प्लायच बसवा. जानेवारीच्या रात्री खोली १८ च्या खाली गेली की डीह्युमिडिफायरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि पाणी येणं थांबतं, अशा रात्री छोटा हीटर लावणं योग्य आहे. एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण: हवा इतकी कोरडी की पानाचा चुरा होतो. तेव्हा एक्झॉस्ट बंद करून यंत्र न लावता फक्त एसी चालवा, पाल्याचं स्वतःचं पाणीच खोली ३५-४० टक्क्यांवर ठेवतं.

काढणे, तपासणे, भरणे

ट्रेचं वजन लक्ष्याला आलं, मधली शीर वाकण्याऐवजी कट्कन मोडली, की गरम पाला लगेच भरू नका. यंत्र चालू ठेवूनच एसीने खोली २७-२८ वर आणा आणि तासभर थांबा. मग वेगवेगळ्या पाच-सहा ट्रेंमधला पाला काचेच्या बरणीत पाऊण भरा, आत एक छोटा मीटर ठेवा आणि झाकण लावून २४ तासांनी वाचा. ५० च्या खाली असेल तर माल भरायला तयार. ५० ते ५८ मध्ये असेल तर महिनाभरात विकला जाणार असेल तरच भरा, नाहीतर तीन तास पुन्हा ट्रेवर. ६० च्या वर असेल तर त्याच क्षणी परत पसरा, कारण ६५ च्या पुढे बुरशी वाढू शकते. ही परीक्षा होईपर्यंत बाकीचा माल बंद ड्रममध्येच थांबू द्या.

भरण्याचं काम त्याच खोलीत, आर्द्रता ४५ च्या खाली असतानाच. पावसाळ्यात ओसरीवर बसून भरलेला पाला तासा-दीड तासात पुन्हा नरम पडतो आणि दोन दिवसांची वीज वाया जाते. आत अन्नासाठीची जाड पॉलिथिनची दुहेरी पिशवी, बाहेर प्लास्टिकचा ड्रम, किंवा अॅल्युमिनियमचा थर असलेले पाऊच. इंदूरच्या सियागंज बाजारात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मिळतात आणि ओला माल त्यांच्या भरवशावर भरला जातो. हिशोब करा: १० किलो पाला १३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणायला ४४० ग्रॅम पाणी काढावं लागतं, त्यासाठी दीड-दोन किलो सिलिका हवी. पाच ग्रॅमच्या चार पुड्या ड्रम उघड-बंद करताना शिरणारा ओलावा तेवढा झेलतात.

पुढची खेप भरण्याआधी यंत्राची फिल्टर जाळी धुवा. सुक्या पाल्याची धूळ तिच्यावर बसते आणि तेच यंत्र २५ ऐवजी १५ लिटर पाणी देऊ लागतं, आणि मग दोष पिकाला दिला जातो. ट्रे साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, कोपऱ्यांतला चुरा झाडून काढा (किडे त्यातच राहतात), आणि पुदिन्यानंतर दुसरा माल घ्यायचा असेल तर खोली एक पूर्ण दिवस दार उघडून मोकळी ठेवा.